मास्तरांचे गुडघे

चौकटीला लागणारं वर्खाचं शेवटचं पान ब्रशच्या टोकावर आलं, तेव्हा तिने सवयीने श्वास रोखला आणि नाकाचा अंदाज घेतला. नाक गप्प होतं. बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं फुलून आली होती, खिडकीच्या कट्ट्यावर परागांची पिवळी पूड साचली होती, आणि तरी नाक गप्प होतं. सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सोन्याचा वर्ख आणि शिंक यांचं हाडवैर. पान इतकं पातळ, की बोटाने उचलायला जावं तर बोटालाच चिकटून संपतं. चपटा मऊ ब्रश आधी स्वतःच्या गालावरून फिरवायचा, तेवढ्या तेलकटपणावर पान अलगद उचलायचं आणि लाकडावर टेकवायचं. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणंही बंद. एक शिंक आली की पान छताला, आणि आपण खुळ्यासारखे वर बघत उभे.

सात वर्षांपूर्वी ती या वर्खकामाच्या दुकानात कामाला लागली त्याच दिवशी मास्तरांनी बजावलं होतं, की शिंकणाऱ्याने या धंद्यात पाऊल टाकू नये, जन्माचं वाटोळं होतं. मास्तर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्यांना ती काय डोंबल सांगणार, की झाडं फुलली की मला सकाळपासून वीस-वीस शिंका येतात आणि डोळे चोळून चोळून लाल होतात? तिने तोंड शिवलं. शिंक आली की चिकटवायचा सरस शिजला का बघून येते म्हणायची, मागच्या गल्लीत पळायची, कचऱ्याच्या डब्यांपाशी पोटभर शिंकायची आणि तोंड धुऊन परत यायची.

तिचं नशीब थोर. नेमक्या त्याच दीड महिन्यात मास्तरांचे गुडघे दुखायचे. दर वर्षी, न चुकता. गुडघे दुखले की वर्खाचं काम बंद, नुसतं लाकूड घासणं आणि भेगांत लांबी भरणं. मास्तर आतल्या खोलीत दार लावून, रेडिओ मोठ्याने लावून बसायचे. त्या आवाजात तिच्याही दोन-चार शिंका खपून जायच्या. मास्तर दुखण्याने बेजार आणि आपण मनातून खूश, याची तिला लाज वाटायची. वर्ख तर बसून लावतात, त्यात गुडघ्यांचा काय संबंध, हे मात्र तिच्या डोक्यात कधी आलं नाही.

यंदा झाडांना नुसत्या कळ्या होत्या, तेव्हा नाट्यगृहाच्या भल्यामोठ्या आरशाची चौकट आली. उद्घाटनाची तारीख ठरलेली, ऐन मोसमातली. मास्तरांनी तारीख ऐकली, गुडघे चोळले आणि म्हणाले, ही तू एकटीने कर. नीट उतरली तर दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाखाली तुझं नाव. नाही उतरली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने कान-नाक-घशाचा दवाखाना गाठला. नाकात मारायचा फवारा वर्षानुवर्षं घरी पडून आहे, काडीचा उपयोग नाही, अशी तक्रार केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कसा मारता ते दाखवा. तिने आकाशाकडे तोंड केलं, बाटली दाबली आणि जीव खाऊन ओढलं. बाई हसल्या. म्हणाल्या, अहो, सगळं औषध घशात गेलं की. मान खाली, टोक कानाच्या बाजूला, ओढायचं हळूच. शिंक असो नसो, रोज. आणि झाडं फुलायच्या आधीपासून. घरी आल्यावर केस धुवायचे, कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. एवढंच.

झाडं फुलली त्या सकाळी ती अंथरुणात पडून पहिल्या शिंकेची वाट बघत राहिली. शिंक आलीच नाही. दुकानात गेली तर सरस शिजत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला ऐन फुलांच्या दिवसांत त्याचा वास आला. घाणेरडा वास. ती आनंदाने दोनदा जाऊन हुंगून आली.

आता तिने शेवटचं पान कोपऱ्यावर टेकवलं, कापसाने दाबलं आणि आतल्या दारावर टकटक केली. रेडिओ बंद झाला. मास्तर तरातरा चालत आले आणि चौकटीवर वाकले. वेलबुट्टीवरून, पानापानावरून त्यांची नजर फिरत गेली.

मग मास्तरांचा चेहरा बदलला. डोळे बारीक झाले, हनुवटी वर गेली, एक हात हवेत काहीतरी शोधू लागला. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. सात वर्षं तिने तो आरशात पाहिला होता.

शिंक अशी आली, की तावदानं हादरली. टेबलावरच्या वर्खाच्या वहीतली उरलेली सगळी पानं उडाली आणि सोन्याच्या चिंध्या दोघांच्या डोक्यावर पडू लागल्या. मास्तरांनी घाबरून चौकटीकडे पाहिलं. तिथलं एकही पान हललं नव्हतं. त्यांनी पुन्हा खाली वाकून नीट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पाटीवर तुझं नाव तूच रंगव," ते म्हणाले. मग मिशीतलं सोनं झटकत, "गुडघे फार दुखतायत गं आज."

तिला हसू आवरेना. तिने पिशवीतून फवाऱ्याची सील न फोडलेली नवी बाटली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"माझेही सात वर्षं असेच दुखायचे, मास्तर. आता मान खाली घाला, आणि हळूच ओढा."