वाकून आत आलेले साहेब

“काही विचारलं तर काय म्हणायचं?” जमादाराने तिसऱ्यांदा विचारलं.

“सगळं ठीक आहे, साहेब!” बराकीतले ऐंशी कैदी एका सुरात ओरडले. बराक चाळीस जणांची होती.

मास्तर नुसते ओठ हलवत होता. तुरुंगात येण्याआधी तो शाळेत शिकवायचा. पोरं प्रार्थनेला असेच ओठ हलवायची, तेव्हा तो त्यांचे कान पिळायचा. आता त्याला त्या पोरांचं पटत होतं.

शेजारी शिंपीकाका भिंतीला टेकून पडले होते. पायाची जखम महिनाभर चिघळत होती, काळपट सूज पोटरीपर्यंत चढली होती. तुरुंगात डॉक्टर नव्हता. होता तो कंपाउंडर, आणि ताप असो की दाढदुखी, त्याच्याकडे एकच पांढरी गोळी. काकांना मोठ्या दवाखान्यात हलवलं नाही तर पाय जाणार, कदाचित काकाही जाणार. मास्तरने तीन अर्ज लिहिले होते. तिन्ही कुठे गेले, देव जाणे.

“मास्तर, तू गप्प बस हं,” काका म्हणाले. “माझ्यासाठी विस्तवाशी खेळू नकोस.”

“तपासणी वर्षातून एकदा होते, काका. आज नाही बोललो तर कधी बोलू?”

तपासणीचे साहेब अकराला आले. बराकीचं दार बुटकं, नवा माणूस कपाळ आपटून घेतल्याशिवाय आत येत नाही. मागच्या वर्षीच्या साहेबांना टेंगूळ आलं, तेव्हा हसू दाबताना सगळ्यांची पुरेवाट झाली होती. हे साहेब मात्र छान वाकून आत आले. नाकाला रुमाल लावला नाही. फरशीवरच मांडी घातली, मडक्यातलं पाणी मागितलं आणि घटाघट प्यायले.

“कोट त्यांच्या मापाचा नाही रे,” काका कुजबुजले. “खांद्यात ओढतोय.”

“म्हणजे पैसे खाणारा नाही,” मास्तर म्हणाला. त्याला भरून आलं होतं. इतक्या दिवसांत कुणी त्यांच्याबरोबर खाली बसलं नव्हतं.

“जमादार, बाहेर थांबा,” साहेब म्हणाले. एरवी कुणाचं न ऐकणारा जमादार मुकाट्याने निघून गेला.

“आता मोकळेपणाने बोला.”

आधी मास्तर उठला. जेवणात निघणाऱ्या अळ्या, ऐंशी माणसांत दोन संडास, गोळी, अर्ज, सगळं त्याने सांगितलं. शेवटी काकांच्या पायावरची चादर बाजूला केली. साहेबांनी एकदा पाहिलं आणि मान फिरवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मास्तरने नक्की पाहिलं.

एकाची भीड चेपली की दहांची चेपते. आणखी पाच जण बोलले. साहेबांनी सगळ्यांची नावं वहीत लिहिली, काकांचंसुद्धा. तक्रारी लिहिल्या नाहीत. त्या ध्यानात राहतील म्हणाले.

“काकांना कधी हलवाल, साहेब?”

“आजच हलवतील.” साहेबांनी वही मिटली.

ते गेल्यावर काकांनी मास्तरचा हात घट्ट धरला. “तू नसतास तर मी मेलो असतो रे,” एवढंच ते म्हणाले.

चार वाजता जमादार आला. वहीतली सातही नावं त्याने पुकारली. सामान आवरा म्हणाला. मास्तरने आणि आणखी एकाने काकांना उचललं. फाटकापाशी बंद गाडी उभी होती.

“दवाखान्याची ना?” मास्तरने विचारलं. जमादार किल्ल्या मोजत राहिला.

त्या वेळी कचेरीत तुरुंगाचे मोठे साहेब वहीच्या पानावरून बोट फिरवत होते. “सातच तोंडाळ निघाले. दोन दिवसांचा रस्ता आहे, तिकडच्या तुरुंगात बोलू देत काय बोलायचं ते.”

समोरच्या माणसाने कोट आणि पँट उतरवून खुंटीला लावली. कोपऱ्यात ठेवलेला कैद्याचा नंबराचा सदरा त्याने अंगात चढवला.

“उद्या खरी तपासणी आटोपली,” तो खाली बघत म्हणाला, “की माझ्या बायकोला भेटू द्याल ना, साहेब?”