व्हर्नाच्या कानातलं कुलूप

"बायकोच्या कानातलं यंत्र कुणी उघडलंय का, प्रोफेसर?" एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या सुनावणीत कंपन्यांचा वकील हॅलोरन विचारत होता.

"नाही. गुन्हा आहे तो. म्हणून तर परवानगी मागायला आलोय."

"कान दाखव जरा, गॉर्डी."

सभागृह हसलं. गॉर्डन लिंडक्विस्ट खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, हे हॅलोरनला कॉलेजपासून ठाऊक. कान पांढरेफटक होते.

गॉर्डन कायदा शिकवायचा. यंत्रातल्या प्रोग्रामवर कंपनीचा कॉपीराइट, म्हणून त्याला कुलूप. कंपनी बुडाली तरी कुलूप शाबूत! अशी कुलपं दुरुस्तीसाठी उघडायला सूट द्यायची का, हे सरकार तीन वर्षांतून एकदा ठरवतं. त्याच्या बायकोच्या, व्हर्नाच्या, ऐकण्याच्या यंत्राची कंपनी बुडाली, यंत्र बिघडलं आणि दीड वर्षापूर्वी तिचं जग मुकं झालं. यंदा सूट नाही मिळाली तर आणखी तीन वर्षं. व्हर्नाला एकाहत्तरावं लागलेलं.

ती ओठ वाचायची. समोर बसून गॉर्डन म्हणायचा, होईल सगळं ठीक, आणि टोपी कानांवर ओढायचा. खरं काय ते तिच्या पाठीला सांगायचा. थकलो, झोप येत नाही, आशा उरली नाही. आणि हो, सूप पानचट झालंय.

घरी येणारं माणूस एकच. क्लाइड, रेडिओ दुरुस्त करणारा पन्नाशीचा गडी. शाळेत व्हर्नाकडेच विज्ञान शिकलेला. हिवाळाभर दर गुरुवारी तो कपडे धुण्याचं मशीन दुरुस्त करायला आला. मशीन आजतागायत बंद. मास्तरीणबाईंचा चेला असाच निघायचा, असं गॉर्डन पुटपुटायचा. अर्थात तिच्या पाठीमागे.

ऑक्टोबरात निकाल आला. सूट नाकारली होती.

गॉर्डन स्वयंपाकघरात आला. व्हर्ना पाठमोरी सूप ढवळत होती. तो दाराशीच स्टुलावर बसला.

"हरलो गं," तो तिच्या पाठीला म्हणाला. "माझा आवाज आता तुझ्या कानी पडायचा नाही. तुला तोंड कसं दाखवू?"

व्हर्नाने गॅस बंद केला. मागे मात्र वळली नाही.

"क्लाइडने मार्चमध्येच उघडलं ते कुलूप," ती म्हणाली. "तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून सांगितलं नाही. आणि सूप पानचट असलं तर तोंडावर सांगत जा."