हवेत ठेवलेला कप

कप फुटला तेव्हा सासूबाई दारातच होत्या. सुनेने कॉफीचा घोट घेतला, कप शेजारी हवेत ठेवला आणि खिडकी उघडायला वळली. अंतराळातून परतून आठवडा होत आला होता, पण हाताला अजून ते पटलं नव्हतं.

"लागलं नाही ना?" सासूबाईंच्या कडेवर नातू होता, झोपेला आलेला. "धर ह्याला. मी तुकडे उचलते."

सून मागे सरकली. "नको आई. बघितलंत ना आत्ता? बोलता बोलता त्यालाही असाच ठेवून देईन."

आल्यापासून तिने लेकराला एकदाही उचललं नव्हतं. लांबून हसायची, लांबूनच हाक मारायची. झोपही धड नव्हती. गादी टोचते म्हणायची.

सासूबाईंनी नातवाला कडेवर सावरत तुकडे झाडून घेतले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वर कशी गं झोपायचीस?"

"भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरायचं आणि चेन ओढायची. उभं काय, आडवं काय, सगळं सारखंच. हात आपले समोर तरंगत राहतात. तोंडावर वारा मात्र खेळता लागतो, नाहीतर सोडलेला श्वास तिथेच साचतो."

"आणि उशी?"

"डोक्याला वजनच नाही, उशीवर टेकवणार काय?"

"म्हणजे वटवाघूळच की. पण तेसुद्धा पोर पोटाशी धरून झोपतं म्हणे."

सून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

सासूबाईंनी खोलीच्या मधोमध सतरंजी अंथरली. "हो आडवी."

"इथे, खाली?"

"इथेच. जमिनीवरून खाली पडलेलं पोर मी तरी अजून बघितलेलं नाही."

ती आडवी झाली. सासूबाईंनी नातवाला तिच्या छातीवर ठेवलं. त्याने मान वर करून आजीकडे बघितलं आणि ओठ काढला. आजीचे हात पुढे झालेच होते. तिने ते मागे घेतले आणि तोंड फिरवून उभी राहिली. जरा वेळाने कुरकुर थांबली. पोराने आईच्या मानेच्या खळगीत गाल टेकवला होता.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तेव्हा मायलेक दोघंही घोरत होती.

"आई, ढमू चांगलाच जड झालाय," तो वाकून कुजबुजला. "ती दबून जाईल. उचलू का?"

"हात लावू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "किती महिने बिचारीच्या अंगावर कशाचाच भार नव्हता."