जावईबापू पसंत

"बाई, मुक्या जिवाच्या घशात मुद्दाम जंत घालायचे, ही कुठली विद्या?" कोंबड्यांची देखभाल करणाऱ्या काकांनी शेवटी विचारलंच.

संशोधक बाई ड्रॉपर धुत होत्या. "काका, जंत झाले की कोंबड्याचा तुरा फिका पडतो. या सोळाही जणांना सारखेच जंत दिलेत. कुणाचं अंग ते झुगारतं, आणि कोंबडी जोडीदार म्हणून नेमका तोच निवडते का, हे बघायचंय."

"आणि नापसंत ठरतील त्यांचं काय?"

"कापून आतले जंत मोजायचे."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी आपणच आजारी पाडायचं, आणि आजारी म्हणून नाकारला की सुरी फिरवायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्यात त्या सोळांमध्ये त्यांचा जावईबापू होता. अंड्यातून निघाला तेव्हा मरतुकडा होता, काकांनी दिव्याच्या उबेत जगवलेला. हातावर दाणे धरल्याशिवाय खायचा नाही, उशीर झाला की पाठ फिरवून रुसायचा, म्हणून हे नाव.

आठवड्याभरात त्याच्याही तुऱ्याचा रंग पार उतरला. औषधांच्या कपाटात जंताचं औषध होतं. काका ते दाण्यांना चोळून रोज गुपचूप त्याला चारू लागले. नोकरी गेली तर गेली. तो प्रयोग गेला खड्ड्यात.

निवडीच्या दिवशी बाईंनी दहा कोंबड्या एकेक करून आत सोडल्या. दहाही जणी तडक जावईबापूच्या जाळीशी. बाकी पंधरांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

"तुरा बघा कसा लालभडक," बाई पुटपुटल्या. मग त्यांनी त्याची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरली, पुन्हा एकदा धरली. "जंताचं एक अंडंसुद्धा नाही. काका, हा वाचला यातून."

काकांनी पाण्याची भांडी भरायला घेतली. तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं. कितीतरी दिवसांनी त्या संध्याकाळी ते शीळ घालत घरी गेले.

सकाळी मूठभर दाणे घेऊन आले, तर जावईबापूचा पिंजरा रिकामा. बाई बाकीच्या पंधरांना एकेक करून औषध पाजत होत्या.

"यांचे जंत विष्ठेतच दिसले, यांना आता कापायला नको," त्या खुशीत म्हणाल्या. "जंत पचवणारा एकच निघाला, काका. त्याच्या अंगात असं काय आहे ते बघायला आल्या आल्या त्यालाच कापला."