दोन मीटर

बर्फाळ डोंगरावर चढाईला निघण्याआधी वाल्बुर्गाने रोजच्यासारखं भावाचं यंत्र तपासायला घेतलं. हिमलोटाखाली माणूस गाडला गेला, तर छातीवरच्या या यंत्राचा संदेश दुसऱ्याचं यंत्र पकडतं आणि अंतर दाखवतं, त्यावरूनच तो सापडतो.

कोर्बिनियान हातभर अंतरावर उभा होता. तिच्या यंत्रावर मात्र दोन मीटर उमटले. ती बर्फाकडे वाकली, तसा आकडा कमी होत गेला.

“ताई, आटप. एप्रिलचं ऊन आहे, चढलं की हा उतार धरून राहायचा नाही. का यंत्रालाही चाळिशी लागली तुझ्या?”

“तुझं बंद कर बघू.”

त्याने बंद केलं. आकडा तसाच राहिला.

रात्रभर गोठून बर्फाचा थर काचेसारखा कडक झाला होता. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. तिने शोधकाठी जोर लावून आत खुपसली. खोलवर ती कशातरी मऊसर गोष्टीवर टेकली.

“कोर्बिनियान, घरी चल. ऐक माझं,” ती कशीबशी म्हणाली.

“आधी मला बाहेर तर काढ, ताई.”

आवाज त्याचाच होता, पण तिच्या पायांखालून आला. काठी हातातून सुटेना. समोर कोर्बिनियान ओठ मिटून तिच्याकडे बघत हसत होता.