सहाव्या वर्षाची मिरची

फिटरने हातमोजे घातले, मिरचीची नखाएवढी चकती कापली आणि बशी बायकोपुढे सरकवली.

“सावकाश चाव. वर पाणी पिऊ नकोस.”

नोंदणी कार्यालयातून आलेली बाई चांगली हातभर लांब बसली होती, तरी तिला ठसका लागला. तिच्या फायलीत प्रयोगशाळेचा अहवाल होता. इतकी जहाल मिरची त्या कार्यालयात आजवर नोंदलीच गेली नव्हती. आणि ती तयार केली होती कोणी, तर गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत झाडं लावणाऱ्या एका निवृत्त फिटरने. आता बोला. फॉर्मवर एकच रकाना भरायचा राहिला होता: वाणाचे मूळ.

“मूळ म्हणजे ही,” फिटरने बायकोकडे बोट दाखवलं. “सहा वर्षांपूर्वी हिच्या तोंडाची चव गेली. तिखट कळेना, मीठ कळेना. डॉक्टरांनी सगळं तपासलं, त्यांना काही सापडेना. म्हटलं, मग आपणच बघू. दर वर्षी दोन झाडांचा संकर करायचा, त्यातली सगळ्यात तिखट निवडायची, तिचं बी धरायचं. दर वर्षी ही खाते आणि अळणी म्हणते.”

“आणि आज तिखट लागली तर?”

“तर सुटलो की. डबे रिकामे करणार, बी तुमच्या हवाली करणार, आणि मी खुशाल आडवा होणार.”

बशीकडे निघालेला बायकोचा हात थांबला. मग तिने चकती उचलली आणि तोंडात टाकली.

फिटर टेबलावर ओणवा झाला. काल त्याने स्वतः टाचणीच्या टोकाएवढा तुकडा चाखला होता आणि तासभर नळाखाली तोंड धरून बसला होता. बायको मात्र शांतपणे चावत होती. तिचा डावा हात टेबलाखाली होता. त्या हाताने तिने खुर्चीची कड घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. ते फक्त बाईला दिसत होतं.

“डोळ्यांत पाणी आलं तुझ्या,” फिटर घाईने म्हणाला.

“वासाने येतंय. मॅडमच्याही आलंय बघा.”

खरंच आलं होतं. फिटरने श्वास रोखून धरला. “मग? लागली?”

तिने घास गिळला. “अळणी.”

फिटरचा चेहरा पडला. बाईला वाटलं, हा माणूस आता रडतो की काय. पण तो उठला, हातमोजे काढत पुटपुटला, “कोपऱ्यातलं ते वाकडं झाड... त्याच्याशी संकर करून बघतो. यंदा सोडत नाही.” दारातून तो वळला. “अगं, मॅडमना चहा कर. आम्ही दोघंच, पण घरात दूध असतं तीन लिटर. हिला दुधाचा भारी सोस.”

त्याची पावलं जिन्यावरून वर गेली. तो गच्चीवर पोचेपर्यंत बायको हलली नाही. मग तिने धावत जाऊन फ्रिज उघडला आणि दुधाचं पातेलंच तोंडाला लावलं. दूध हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. ओठ सुजायला लागले होते. बाईने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

“काकू, अहो, तुम्हाला लागते की.”

“पहिल्या वर्षापासून लागते,” ती कशीबशी म्हणाली.

“मग सांगत का नाही? काका किती जीव टाकतात तुमच्यासाठी.”

वर डबे सरकवल्याचा आवाज आला. फिटर स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. बायकोने पातेलं खाली ठेवलं.

“आमचा मुलगा गेला ना, तेव्हा हे आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. बोलणं नाही, जेवणं नाही. एक दिवस मी आपलं खोटंच म्हटलं, अहो, मला कशाची चवच लागत नाही हो.” तिने मनगटाने डोळे पुसले. “त्या दिवशी हे उठून बसले.”