केवलरामची यादी

गूगलवर सगळ्यात वर, पहिल्या जागी, ईश्वरदास शेठच्या राईस मिलचं नाव झळकत होतं. उमेंद्रने डोळे चोळले आणि पुन्हा शोधलं. तेच. तीन महिने घाम गाळून बनवलेली मिलची रंगीत वेबसाईट नवव्या पानावर धूळ खात पडली होती, आणि हा दुसऱ्या साईटचा पत्ता हाती येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

युक्ती साधी होती. बाजारात नवा माणूस कितीही ताजी भाजी घेऊन बसला तरी गिऱ्हाईक जुन्या ठिय्याकडेच वळतं. गूगलचंही तसंच. साईट किती वर्षांची आणि तिच्याकडे किती जणांनी बोट दाखवलंय, म्हणजे तिची लिंक दिली आहे, हे ते पाहतं. म्हणून उमेंद्रने नवा ठिय्या मांडायचा नाद सोडला आणि एका साईटचा १९९९ सालचा पत्ता विकत घेऊन त्यावर मिलचं पान चढवलं. मूळ मालक वारला होता, मुदत संपली होती, कोणी वाढवली नव्हती. एकशे चाळीस साईटींनी त्याच्याकडे बोट दाखवलेलं होतं. कोणाकोणाचं बोट, हे पाहायची उमेंद्रला गरज वाटली नाही. आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबा खुशीत होता.

खुशी उगाच नव्हती. "दिवाळीपर्यंत पैला नंबर दाखव," शेठ म्हणाले होते, "बाकीच्या बावीस मिलांचं काम मी तुले मिळवून देतो. नाई तर आपला रस्ता वेगळा." दिवाळी चार दिवसांवर होती. आज संध्याकाळी शेठ स्वतः पाहायला येणार होते.

तेवढ्यात फोन वाजला. मिलच्या पानावर संपर्कासाठी उमेंद्रचाच नंबर होता.

"केवलरामजी आहेत का?" आवाज पार थकलेला होता. "मी दुधराम, सालेकशाकडचा. इथं गोंदियाले दवाखान्यात आहो. बायको बाळंत झाली, रक्त थांबून नाई राहिलं. ओ निगेटिव्ह पायजे. दोन बाटल्या, सांजेपर्यंत."

"भाऊ, राँग नंबर आहे. ही राईस मिलची साईट आहे."

"मेडिकलवाल्यानं कंप्युटरवर तोच जुना पत्ता टाकून, खालचा नंबर दिला. म्हणे, गोंदियात रक्त लागलं का सगळे इथंच पाहतात. मंग मी कोणाले फोन लावू, भाऊ?"

उमेंद्रने दवाखान्याचं नाव लिहून घेतलं आणि फोन ठेवला.

इंटरनेटवर जुन्या पानांची प्रत कुठेतरी जपलेली असते. उमेंद्रने या पत्त्याची प्रत उघडली. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं. ना चित्र, ना रंग. आमगावच्या केवलराम नावाच्या कंपाउंडरने जिल्ह्यातल्या रक्तदात्यांची यादी केली होती. गट, गाव आणि फोन. वर एकच ओळ होती: 'नावे लिहिली नाहीत. देणाऱ्यांनीच नको म्हटले.' खाली तारीख. दर महिन्याला नवी तारीख, अशी बारा वर्षं.

मग त्याने ती एकशे चाळीस बोटं पहिल्यांदा नीट पाहिली. रायपूरचा एक दवाखाना. बालाघाटची रक्तपेढी. नर्सिंगची एक शाळा. कुठल्याशा मुलीने आईच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'हिला रक्त देणारे आम्हाला इथे सापडले.' असं एक नाही, कितीतरी. उमेंद्र आजवर समजत होता की यंत्र फक्त वर्षं मोजतं. रक्त म्हणजे काय हे त्या बिचाऱ्या यंत्राला कुठून कळणार? पण वाचलेली माणसं मागे वळून बोट दाखवत राहिली, आणि यंत्राने मुकाट्याने तेवढं मोजलं. एका कंपाउंडरच्या एवढ्या मोठ्या पुण्याईवर आपण तांदूळ वाळत घातला, असं त्याला वाटलं, आणि लाज वाटली.

त्याने मिलचं पान उतरवलं आणि केवलरामची यादी त्या पत्त्यावर पुन्हा जागच्या जागी ठेवली. पहिला नंबर गेला, शेठ गेले, बावीस मिला गेल्या.

ओ निगेटिव्हचे नंबर चारच होते. पहिला बंद. दुसरा गोंदियाजवळच्या गोरेगावचा.

"केवलरामच्या यादीवरून बोलतोय," उमेंद्र म्हणाला. "ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं."

"बाबा तर यंदा पोळ्याच्या आधी गेले," एक तरुण आवाज म्हणाला. उमेंद्र माफी मागून फोन ठेवणार, तोच पलीकडून आलं, "पन माझा बी गट तोच आहे. कुठं येऊ?" पत्ता सांगून होईपर्यंत मोटारसायकलला किक बसल्याचं ऐकू आलं. बोलणारा कोण, रक्त कोणाला, त्याने काही विचारलं नव्हतं.

एक बाटली झाली. तिसरा नंबर वाजवाजून थांबला. उरला चौथा, गोंदियातलाच, कोणाच्या तरी घरचा.

"हां, बोला."

मिलच्या खडखडाटात ओरडून ओरडून बसलेला हा आवाज उमेंद्रने झोपेतही ओळखला असता.

"शेठजी, मी उमेंद्र. केवलरामच्या यादीवरून बोलून राहिलो. एका बाईले ओ निगेटिव्ह पायजे. आणि शेठजी, तुमच्या मिलचं पान मी..."

"ते मागून सांगजो," ईश्वरदास शेठ म्हणाले. "दवाखाना कोणता?"